सुजाताने बसवलेला सर्व्हर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड ठाऊक नाही.

नव्याण्णव साल. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी आणि सुजाता, दोघंच कॉम्प्युटरवाले. ती मानपाड्याहून यायची. वयाने माझ्याहून लहान, कामात चार पावलं पुढे — आणि हे मला तेव्हाही कळत होतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ब्राउझरमध्ये नोंदवाव्यात असं साहेबांच्या मनात आलं. सुजाताने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं, कुणीतरी कोडसकट फुकट वाटलेला तक्रारींचा प्रोग्राम नेटवरून उतरवला, आणि तीन आठवडे त्याच्याशी झटली. आधी वेब सर्व्हर उठेना, मग डेटाबेस दाद देईना, मग परमिशनची भानगड. मी काय केलं? चहा आणला. केबल धरली.

प्रोग्राम चालू झाला आणि दुसऱ्या दिवशी ती रजेवर. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कोणी केलं हे?" मला "आम्ही" म्हणायचं होतं — खरंच. तोंडातून "मी" निघालं.

दोन महिन्यांनी कंपनीने माणसं कमी केली. आमच्यातलं कोण गेलं, हे सांगायला हवं का?

आणि मग मी अडकलो. लाइट गेले की सर्व्हर बसायचा, आणि तो उठवणं मला येत नव्हतं. मी गुपचूप खाली पीसीओवर जाऊन सुजाताच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचो. ती धावत फोनवर यायची, कमांड एकेक अक्षर करून सांगायची, मी तळहातावर लिहून घ्यायचो. "स्लॅश लिहिलास? आता स्पेस. अरे, स्पेस सोड ना रे." पंखा जरा मंदावला तरी मी खिशात फोनसाठी नाणी चाचपायचो. नोकरी सोडावी, तर दुसरीकडे हेच काम गळ्यात पडणार. राहावं, तर उद्या पुन्हा लाइट जाणार. इकडे आड, तिकडे विहीर — आणि दोन्ही मीच खणलेली.

एकदा तिने पहिल्यांदाच काही मागितलं. ठाण्यातल्याच एका ऑफिसात तिची मुलाखत होती. हा प्रोग्राम लिनक्सवर तिने बसवला, एवढं साहेबांच्या सहीनिशी लिहून हवं होतं. "तू विचार ना त्यांना. मला कसंतरी वाटतं." विचारतो, म्हणालो. चार दिवसांनी सांगितलं — साहेब नाही म्हणाले.

ती म्हणाली, "जाऊ दे. तू तरी टिकून राहा तिथे."

ती नोकरी तिला मिळाली नाही. साहेब सरळ माणूस होते, पत्र दिलं असतं. माझं पितळ उघडं पडलं असतं, इतकंच. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात लाइट गेले. मी पुन्हा तिलाच फोन लावला. तिने सगळं सांगितलं — सावकाश, मला लिहून घेता येईल असं.