उत्तरेला उशी

जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संस्थेत मी जुन्या लाव्ह्याचे दगड तपासतो. लाव्हा थंड होताना त्या काळचं चुंबकीय उत्तर त्याच्यात कायमचं राहतं, आणि सुमारे पावणेआठ लाख वर्षांहून जुन्या दगडांत ते पुष्कळदा चक्क उलटं सापडतं. या एवढ्या ज्ञानावर मी बरीच वर्षं शिष्टपणा केला आहे.

आई गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात बाबा पुण्याहून माझ्याकडे राहायला आले. निवृत्त विज्ञानशिक्षक. आल्या आल्या विचारलं, "ध्रुव उलटले की जगबुडी होणार, असं ग्रुपवर आलंय. खरं का रे?"

"छे हो. उलटायलाच हजारो वर्षं लागतात. तेवढ्यात फील्ड वीक होईल, सॅटेलाइटना त्रास, विजेच्या ग्रिडला त्रास. शेवटी होकायंत्र दक्षिण दाखवेल. माणसं राहतील."

माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघराची चिंचोळी पट्टी. दक्षिणेला बाल्कनीचं काचेचं दार, तिकडे डोकं केलं की गार वाऱ्याने बाबांना खोकला यायचा. म्हणून ते गादी आडवी घालून पूर्वेला डोकं करत, आणि त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या दारात येत. रोज सकाळी मी त्या पायांना अडखळायचो. एकदा हातातला चहा सांडला आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, उत्तरेला डोकं करा ना! तिकडे नुसती भिंत आहे."

"उत्तरेला करू नये. चुंबकत्व असतं."

माझ्याच विषयात मला शिकवणं! "अहो, फ्रिजवरचं चुंबक याहून स्ट्राँग असतं. आणि उद्या ध्रुव उलटले तर काय, सगळ्या जगाने उशा फिरवायच्या?"

बाबांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "तुझ्या आईला तसं ठेवलं होतं. तू व्हिडिओवर होतास, तुला दिशा कळली नसेल."

मला ते नीट ऐकू आलं होतं. तरी फरशी पुसता पुसता मी म्हणालो, "त्याचा इथे काय संबंध? जागा नाहीये."

संध्याकाळी गादी मीच वळवली. "बरं, सर. मास्तर हरला," असं म्हणून बाबा आडवे झाले.

पुढचे नऊ दिवस मी कुठेही अडखळलो नाही. बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते. दहाव्या सकाळी हाका मारल्या तर बाबा उठले नाहीत. हृदय बंद पडलं, असं हॉस्पिटलात सांगितलं. दिशेने कुणी मरत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण त्या नऊ रात्री त्यांना झोप लागत होती का, हे मी एकदाही विचारलं नाही.

दुपारी अंत्यविधीवाले त्यांना घरी घेऊन आले. इथेही मृताचं डोकं उत्तरेला करतात, किता-माकुरा म्हणतात, म्हणजे उत्तरेला उशी. काळ्या सुटातल्या वयस्क माणसाने दारातच वाकून नमस्कार केला आणि उत्तर कुठे ते बघायला फोन काढला. मग खोलीत सकाळपासून तशीच पडलेली गादी पाहून त्याने फोन परत खिशात ठेवला.

"तयारी केलेलीच आहे," तो हळू आवाजात म्हणाला, आणि माझे आभार मानले.