बाडमेरला अकरा गुलाब

सूचना नीट दिल्या की जगात काहीही बिघडत नाही, यावर जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या सुलेखाचा गाढ विश्वास होता. सॉफ्टवेअर तपासण्यात बावीस वर्षं घालवलेली बाई ती. आमटीत मीठ घालतानासुद्धा "समजा जास्त पडलं, तर?" याचं उत्तर तिच्याकडे तयार असायचं.

ताईच्या बाबतीत मात्र नव्हतं. सरिताताई तिची थोरली बहीण. नवऱ्याच्या नोकरीपायी राजस्थानात बाडमेरला गेली, आणि तो वारल्यावरही तिथल्याच एका इस्पितळात मेट्रन म्हणून राहिली. तीन महिन्यांपूर्वी तिनं सहज फोन केला, तर ही म्हणाली, "ताई, आत्ता नको गं. गुरुवारी साडेसहा ते सात चालेल?" आणि वर कॅलेंडरचं आमंत्रण धाडलं. ताईनं ते नाकारलं. तेव्हापासून फोन नाही की मेसेज नाही.

"तूच कर की," नवरा श्रीनाथ म्हणाला.

"आणि तिनं उचलला नाही, तर?"

"तर परत कर."

"अहो, तुम्हाला बहीण नाही म्हणून हे सुचतंय."

टोस्टवरची मान वर न करता मुलगी शिवांगी जर्मनमध्ये पुटपुटली, "मामा, रूफ डोख आन!" म्हणजे, आई, फोन कर की! तीही फोनवाल्यांच्याच पक्षात.

पण ताईचा एकोणसाठावा वाढदिवस आला होता. आधी फुलं पाठवावीत, राग थोडा उतरू द्यावा, मग बोलावं, असा सुलेखाचा बेत. इंटरनेटवर बाडमेरचा एक फुलवाला सापडला, पुखराज नावाचा. तिनं त्याला पुणेरी हिंदीत गाठलं.

"मेरेको अकरा ताजा गुलाब मंगता है. बरोब्बर ग्यारा बजे पोहोचना चाहिए."

"मॅडम, गुलाब जोधपूर से बस में आता है. बस दस बजे आती है."

"पक्का?"

"कभी बारह बजे भी आती है. गेंदा भेज दूँ? बयालीस डिग्री में भी हँसता रहेगा."

सुलेखाला झेंडू नको होता. ताई काय दसऱ्याची मोटार होती? तिनं पुखराजला सात सूचना लिहून पाठवल्या: देठ किती लांब, कागद कुठला, पाणी केव्हा शिंपडायचं. सातवी सूचना हात सवयीनं लिहून गेला: घरी कोणी नसल्यास शेजारी द्यावे. इकडे अख्खी इमारत तेच करते. सुलेखाच्या पॅसेजमध्ये त्या क्षणीसुद्धा तीन शेजाऱ्यांची खोकी पडून होती.

कार्डाचे मात्र चार खर्डे झाले. "चुकलं" हा शब्द दोनदा लिहिला, दोनदा खोडला. शेवटी नुसतं "सुलू" एवढंच पाठवलं.

वाढदिवसाच्या सकाळी इथे पावणेआठ वाजता पुखराजचा फोटो आला. गुच्छ झकास होता. पण तो हातात धरून उभी असलेली बाई हनुवटीपर्यंत घुंघट घेतलेली!

"ये कौन है?" सुलेखा फोनवर किंचाळली.

"पड़ोसी, मॅडम. दीदी ड्यूटी पे थीं. आपने ही लिखा था."

दिवसभर तिनं काम केलं असं म्हणायचं, एवढंच. दुपारी चारला, म्हणजे तिकडे दिवेलागणीला, फोन वाजला. ताई!

"सुलू, तुझे गुलाब देवाला पोचले."

"म्हणजे गं?"

"शेजारच्या हरखीकडे दिलेस ना? आमच्याकडे एवढी फुलं घरी येतात ती देवासाठीच. तिनं गुच्छ सोडला, माळ ओवली आणि कुलदेवीला घातली. मला बशीत चार पाकळ्या आणि एक पेढा. प्रसाद म्हणे!"

"आणि कार्ड?"

"तेही पूजेत होतं. तुझ्या नावावर कुंकवाचं बोट उमटलंय."

"ताई, मी दुसरे पाठवते, आत्ताच्या आत्ता. या वेळी सरळ इस्पितळात—"

"अगं बये, कुणाला हवेत गुलाब? इथल्या उन्हात संध्याकाळपर्यंत मीच कोमेजते. तीन महिने मी फोन उशाशी घेऊन झोपले, आणि तू फुलवाल्याशी बोलत बसलीस?"

सुलेखा खुर्चीत बसली. पलीकडे ताईच्या घरातला कूलर घरघरत होता.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

"काय?"

"चुकलं म्हटलं."

"ते ऐकलं मी. काय चुकलं, ते सांग."

"ताई, आता छळू नकोस ना!"

"वाढदिवस माझा आहे. मी छळणार. थांब, कूलरसमोर खुर्ची ओढून घेते." फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला, मग एक मोठा सुस्कारा. "हं. बोल आता."