राउटरच्या पोटाखालची चिठ्ठी

आमच्या बँकेच्या शाखेत सगळे त्यांना मामा म्हणत. पंखे, फोन, संगणकाच्या वायरी, सगळं ते एकटेच बघायचे. बावीस वर्षं. त्यांची एक खोड होती: प्रत्येक यंत्राबद्दलची सूचना कागदाच्या पट्टीवर लिहून ती यंत्राच्या पोटाखाली चिकटवायची. वर का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "वर लावली की सफाईवाल्या बाई ओल्या फडक्यानं पुसून टाकतात." मी हसायचे. वायर सोलून टोकाला प्लग बसवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मुख्य कार्यालयात बदली झाल्यावर ते मी सोयीस्करपणे विसरले.

मग त्याच शाखेचा राउटर बदलायला मला पाठवलं. जुना काढला, न बघता खोक्यात टाकला, नवा बसवला. सगळे दिवे हिरवे, पण मुख्य कार्यालयाशी संपर्क काही होईना. बाहेर काउंटरवर माणसं ताटकळलेली, आत मॅनेजरच्या येरझाऱ्या.

मामा जवळ येऊन म्हणाले, "पोरी, इंटरनेट कंपनीचा मोडेम जरा बंद करून बघ. त्याला जुन्या राउटरचीच ओळख आहे."

"मामा, हा काही पंखा नाही, बंद करून चालू केला की फिरायला!" मी सगळ्यांदेखत म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सेटिंग तीनदा तपासलं. माझं चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा वायर खराब असणार, असं मी ठरवून टाकलं. दुखऱ्या गुडघ्यांनिशी मामांना शिडीवर चढवलं आणि सगळे प्लग बदलायला लावले. चढण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे मेन स्विच बंद केला. तासाभरानं काम संपवून तो चालू केला आणि लिंक आली. मॅनेजरनं माझी पाठ थोपटली. मी अहवालात लिहिलं: शाखेतील वायरिंग सदोष, देखभाल निकृष्ट.

महिन्याभरात वायरिंगचं काम बाहेरच्या कंपनीला गेलं आणि मामांना घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळलेला.

जुना राउटर जमा करायच्या वेळी नंबर लिहून घ्यायला उलटा केला. पोटाखाली पट्टी होती. 'राउटर बदलल्यास कंपनीचा मोडेम बंद करून पाच मिनिटं थांबणे. तो जुन्याची ओळख धरून बसतो. नव्याला दारात उभं करत नाही.' म्हणजे त्या दिवशी लिंक आली ती प्लगमुळे नव्हे. मामांनी मेन स्विच बंद केला, त्याबरोबर मोडेमही बंद झाला, म्हणून आली.

दुरुस्त अहवाल मी दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला. तो पाठवला असता तर मामा कामावर परत आले असते. माझी बढती तेवढी अडली असती.

शेवटी पट्टी पर्समध्ये घालून त्यांच्या घरी गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. मामी पाणी देऊन आत गेल्या. मामा खिडकीशी बसून शेजाऱ्यांचा रेडिओ उघडत होते.

"लिंक नीट चालतेय ना?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"चालतेय."

"एक विचारू? राउटरखाली मी चिठ्ठी लावली होती. मला वाटलं, तू वाचली असशील, पण पटली नसेल. म्हातारा काहीतरी बरळतोय, असं वाटलं असेल."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. "चिठ्ठी नव्हती मामा. गळून पडली असेल."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मग कोनाड्यातली चिकटपट्टी काढून त्यांनी बोटावर ओढून पाहिली.

"हलकीच आहे ही," ते म्हणाले. "म्हणजे चूक माझीच. तुझ्यावर उगीच मनात राग धरून बसलो होतो, पोरी."

मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. अजून ती पट्टी तिच्यातच आहे.