ल्हासाच्या जटा

वारज्यात माझं केस कापायचं दुकान होतं. जिथे ऊस उभा असायचा तिथे इमारती उठल्या आणि त्यांतली आयटीवाली मुलं माझी गिऱ्हाइकं झाली. त्यांतला एकजण एका शनिवारी खुर्चीवरून उठता उठता म्हणाला, "आमच्या कुत्र्याचे पण कापाल का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, सगळे केस काढून टाका, आणि तेव्हा आमच्या भागात हे काम करणारं कुणी नव्हतं.

बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते. पेपरातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "नंबर एकच, की त्यांचा वेगळा?"

म्हणजे दुकानात आणणं शक्यच नव्हतं. सोमवारी मला सुट्टी असते. जुनी कात्री आणि जुनं मशीन घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. नवराबायकोनं रजा टाकली होती. कुत्रा सोफ्याखाली होता.

"ल्हासा ॲप्सो," बायको म्हणाली. "मूळचा तिबेटकडचा."

तो बाहेर आला तेव्हा तोंड कुठलं न् शेपूट कुठलं, कळेना. उंची वीतभर आणि वर चार बोटं. अंगानं लांबट, पाय आखूड, शेपूट पाठीवर वळलेलं, डोळ्यांवर केसांचा पडदा. रुबाब मात्र असा, की घर त्याच्या नावावर आहे आणि आम्ही तिघं परवानगीशिवाय आत आलोय. मी हात पुढे केला. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही; शांतपणे चावला.

"अनोळखी माणूस त्याला चालत नाही," नवरा म्हणाला.

"हे आधी सांगायचं ना!"

गॅलरीत सतरंजीवर त्याला उभं केलं. पुढचे पाय धरले की मागे बसायचा, उचलून उभं केलं की आडवा व्हायचा. मोठ्या कुत्र्याला दरडावता येतं. ह्याला दरडावलं तर मान वळवून दुसरीकडे बघायचा. मशीन अंगाला लावलं तर ते पुढे सरकेना. खाली केस नव्हतेच; जटा होत्या. कानामागे, काखेत, पोटाखाली घोंगडीसारखा जाड थर झाला होता.

"रोज विंचरत नाही का?" मी विचारलं.

"विंचरायचं असतं?" नवरा म्हणाला. "दर रविवारी आंघोळ घालतो की आम्ही. शॅम्पूनं."

"न विंचरता आंघोळ?"

"का?"

मी कपाळावर हात मारला. ओला गुंता वाळला की दुप्पट घट्ट बसतो, हे लांब वेणीच्या कुठल्याही शाळकरी मुलीला ठाऊक असतं. मशीन तापायला लागलं, म्हणून कात्री घेतली. कातडी चिमटीत धरून एकेक जट कापायची, म्हणजे कान कापला जात नाही. दुपार त्यातच गेली. मला आणखी दोनदा चावा बसला. जटा निघाल्यावर काखेत लालभडक चट्टे दिसले. केस ओढले जाऊन कातडी सोलवटली होती. बिचारा उगाच चावत नव्हता.

माझा तोल गेला. "रोज दहा मिनिटं नव्हती, तर हे जनावर आणलंत कशाला?"

नवरा थंडपणे म्हणाला, "आपण केस कापायला आला आहात. तेवढंच करावं."

मी सामान उचललं आणि निघालो. पुन्हा त्या जिन्याची पायरी चढायची नाही, असं घरी बायकोला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या कुत्रेवाल्याची बायको एकटीच दुकानात आली. हातात नवा, पोलादी दातांचा कंगवा. मास्तर सरकून बसले.

"काका, विंचरायचं कसं, ते दाखवा ना."

कुत्रा नव्हता, म्हणून मी दाढीचा लांब केसांचा ब्रश घेतला. बोटांनी भांग पाडायचा, थर उचलायचा, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यायचं. गाठ लागली की आधी बोटांनी मोकळी करायची, ओढायची नाही. डोळ्यांचे कोपरे रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. ती मोबाइलमध्ये सगळं टिपून घेत होती. त्याचाही मला राग आला. विंचरणं काय टिपून घ्यायची गोष्ट आहे?

पण ती विंचरू लागली. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी इमारतीच्या पायरीवर तिचा हा उद्योग चालायचा. केस परत वाढले, सोनेरी आणि सरळ. महिन्यातून एका सोमवारी मी डोळ्यांवरचे आणि पंजांतले केस कापायला जाऊ लागलो. नवरा तेवढ्यापुरता आतल्या खोलीत जायचा. स्वतःचे केस तो आता दुसरीकडे कापून घ्यायचा. मीही विचारलं नाही.

पुढे तिला कंपनीनं तीन महिने परदेशी पाठवलं. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा जटा.

तिसऱ्या आठवड्यात, दुकान बंद करायच्या वेळी तिचा नवरा कुत्र्याला कडेवर घेऊन दारात आला. त्याच्या मनगटावर दातांच्या ताज्या खुणा होत्या. मी ओट्यावरच कुत्र्याची पाठ, कान, काख चाचपून पाहिली. सगळं मोकळं होतं.

"पोटाखाली एक गाठ आहे," तो खाली बघत म्हणाला. "दोन दिवस बोटांनी सोडवतोय. सुटत नाही."

"धरा पुढून," मी म्हटलं, आणि दोघं ओट्यावर बसलो.