दोन पुरुष पाणी

आमच्या पाली गावात माझ्या शेजारी राहणारा हा माणूस जातिवंत मासेमार. बोलताना शेवटी "मग?" म्हणायची त्याला सवय. "पाऊस न्हाई. मग?" असं विचारून तो आपल्याकडं असा बघतो, की चूक आपलीच वाटावी.

त्या दुष्काळात आमच्या मच्छीमार सोसायटीला चौसाळ्याकडचा एक तलाव मासेमारीच्या ठेक्यानं मिळाला. कुणाच्या पाहण्यातला नव्हता, आणि मिळाला तोही कोरडाठाक. बाकीचे सभासद ऊसतोडीला गेले. हा मात्र माझ्या मोटारसायकलवर बसून तिकडं यायचा आणि भेगाळलेल्या तळातून अनवाणी हिंडायचा. खड्डे, खडक पायानं चाचपायचा. जाळं फाडतील असे बाभळीचे बुंधे खणून काढायचा.

"तळ असा उघडा परत कवा दिसायचा?" म्हणायचा.

एके दिवशी सोसायटीचे चेअरमन जीप घेऊन थेट तळाच्या मधोमध आले.

"तलाव सोडून देऊ," ते त्याला म्हणाले. "तूबी उसाला जा. हितं काय हाय?"

हा कुदळ घेऊनच पुढं झाला. "आधी जीप काठावर घ्या, साहेब. हितं दोन पुरुष पाणी असतंय."

"कुठंय बे पाणी?"

"आज न्हाई. मग?"

चेअरमन हसले, मीही हसलो. हा हसला नाही, जीपपुढून हललाही नाही. शेवटी चेअरमननी जीप वळवली आणि खरंच काठावर नेऊन लावली. तिथून ते हातवारे करत काहीतरी ओरडत राहिले.

यानं पुढच्या बुंध्यावर कुदळ मारली.

"पाण्यात ऐकू येत न्हाई," मला म्हणाला.