वरची पट्टी गेली तेव्हा

माझ्या मोठ्या बहिणीची नजर लहानपणापासून अधू. जाड चष्मा लावूनही छापील अक्षर तिला नाकाशी धरावं लागतं. कॉम्प्युटरवर मात्र तिचं काही अडत नसे. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन ती अक्षरं तिप्पट मोठी करायची आणि वाचायची. भेस्तानला आमच्या घरातलं गॅसचं बुकिंग, लाइटबिल, गावी नंदुरबारला जायची तिकिटं, सगळं तीच बघते.

तिने एका कॉल सेंटरमध्ये अर्ज केला होता. त्यांना मराठी, हिंदी, गुजराती बोलणारं माणूस हवं होतं, आणि आमच्याकडे या तिन्ही भाषा रोजच्याच. परीक्षा घरूनच होती. ताईने ‘सुरू करा’ दाबलं आणि पान स्क्रीनभर पसरलं. वरची पट्टी गेली, तीन टिंबं गेली, मागे जायचा बाणही गेला. प्रश्न अगदी बारीक अक्षरांत. मी शेजारीच होतो. वाचून दाखवतो म्हणालो, तर तिने हातानेच थांबवलं.

“तू वाची दिशी ते परीक्षा तुनी व्हई,” ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली.

पट्टी परत यावी म्हणून तिने एस्केप दाबलं. स्क्रीनवर एवढंच आलं, की आपण परीक्षा सोडली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात रिंग रोडवरच्या कॉल सेंटरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी नियम सांगितला, एकदा सोडली की संपली. ताई गुजरातीत शांतपणे म्हणाली, “मी सोडली नाही, मॅडम. मला वाचायचं होतं. तुम्ही हे पान उघडून अक्षरं मोठी करून दाखवा, मी लगेच निघते.”

बाईंनी खरंच पान उघडलं. माउस वर नेला, खाली आणला, दोन-चार बटणं दाबली. मग त्यांचीही परीक्षा बंद पडली. त्यांनी आत कुणाला तरी फोन केला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक प्रश्न स्वतः वाचून दाखवला. ताईने उत्तरं सांगितली.

नोकरी लागली. ते पान बदलायला मात्र बरेच महिने गेले. तोवर ज्यांना कमी दिसतं त्यांना ऑफिसातच बोलावत. आता परीक्षेतही पट्टी वर दिसते. हे तू करवून घेतलंस, असं मी म्हणालो, तर ताई म्हणाली, मी फक्त दर सोमवारी विचारत होते.