बसून पाहिल्याशिवाय नाही

बुलढाणा जिल्ह्यात दोन्ही पाय धडधाकट असताना सर्वांत जास्त तास व्हीलचेअरमध्ये कोणी काढले, यावर निवडणूक लागली तर माझे थोरले साडू बिनविरोध निवडून येतील. देऊळघाटच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. व्हीलचेअर, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली, पायाला आधार देणारे कॅलिपर, कुबड्या, जे मोडेल ते तिथे येतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांचा नियम एकच, दुरुस्त केलेली गाडी आधी आपण दिवसभर वापरायची आणि मगच ज्याची त्याला द्यायची. दिवसभर म्हणजे सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. त्यातच जेवायचं, त्यातच बाजारात जायचं. "भाजीत मीठ पाहाले चाखा लागते का नाई? मंग गाडी बसून पाह्यल्याबिगर कशी देऊ?" असं ते विचारतात. एकदा बाजारात त्यांना असं पाहून सुलतानपूरच्या एका पाहुण्याने गावी जाऊन सांगितलं, की मिस्त्रींचे पाय गेले. दुसऱ्या दिवशी जीपभर माणसं केळी घेऊन आली. बायका दारातूनच रडत आत शिरल्या, तेव्हा मिस्त्री शिडीवर चढून पत्रा ठोकत होते. माझी मेहुणी म्हणजे मोठी सोशिक बाई. तिने शांतपणे चहाचं आधण वाढवलं आणि केळ्यांची शिकरण केली.

त्यांच्या हातात कायम एक काठी असते, इंचाइंचाच्या खुणा केलेली. बँक असो, देऊळ असो, मंगल कार्यालय असो, आधी पायऱ्या मोजायच्या आणि मग आत जायचं. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा आम्ही सगळे शिक्षण विचारत होतो आणि हे उंबऱ्यापाशी वाकून बसले होते. "नऊ इंच," त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. "आपल्या घरचं म्हातारं मानूस आंदर येईन कसं?" मुलीच्या बापाला आधी घाम फुटला. सोयरीक मात्र जमली, आणि लग्नाआधी त्या उंबऱ्याला सिमेंटचा उतारही लागला.

अशा माणसाला आपल्या कामाची रीतसर नोंदणी करायला लावायची, हा पराक्रम मी अंगावर घेतला होता. मी निवृत्त शिक्षक. मोकळा रकाना दिसला की हात शिवशिवतात. पण मिस्त्रींचं ठरता ठरेना. एकदा नाव सुचेना म्हणून अडलं. एकदा 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यापाशी अडलं. खूप विचार करून ते म्हणाले, "लिहा, लोकाइले घराबाहीर काढनं." मी म्हटलं, भाऊ, असं लिहिलं तर पोलीस येतील चौकशीला. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. खरी अडचण कळायला मला तीन वर्षं लागली. "गुर्जी, नोंदनी केली का पाटी आली. पाटी आली का टाइम आला. मंग लोक टाइम पाहून येतीन, अडचन पाहून नाई." मी तो अर्ज घडी करून खिशात ठेवला.

त्यांना शेवटी ऐकवलं ते सुमनबाईंनी. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या एका पायाला कॅलिपर लावून चालतात. जवळच्याच गावाहून रोज एसटीने येतात. सीटचं कापड आणि पट्टे शिवायचं काम पंधरा वर्षांपासून त्यांचं. तोंडाने मिस्त्रींपेक्षा दोन इंच जास्तच. मिस्त्री त्यांना कधी म्हणाले, की आज ही गाडी तुम्ही बसून पाहा, तर त्या ताडकन म्हणत, "सात वर्षं लागले मले उभं राहाले. मी कायले बसू? तुमीच बसा." खामगावकडच्या दिव्यांग मुलांच्या एका निवासी शाळेने आपल्या सगळ्या गाड्यांची देखभाल यांना द्यायचं ठरवलं होतं. अट एकच, नोंदणीचा कागद हवा. मिस्त्री नेहमीप्रमाणे "पाहू" म्हणाले. सुमनबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "मिस्त्री, तुमचा जीव या गाड्याइत हाये, हे मले समजते. पन माहं पोट बी याइतच हाये. तुमचे हात आता थरथरून राह्यले. उद्या ते थांबले तं मी कुठं जाऊ?" मी तिथेच बसलो होतो. मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिले आणि त्या दिवशी त्यांनी काठीसुद्धा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता ऑनलाइन केंद्रावर गेले आणि नोंदणी करून आले. मी कागद हाती घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. 'अर्जदार दिव्यांग: होय.' झालं होतं असं, की पिंपळगाव राजाच्या एका आजोबांची गाडी तयार झाली होती आणि त्या दिवशी मिस्त्री नियमाप्रमाणे तिच्यातच होते. केंद्रातल्या माणसाने गाडी पाहिली आणि न विचारताच 'होय'ची कळ दाबली. बिचाऱ्याने यांना आधी उतारावरून वर ढकलून घेतलं होतं, चहाही पाजला होता. मिस्त्रींची झोप उडाली. जन्मात कधी खोटं बोलले नव्हते, आणि आता छापील खोटं घरात आलं होतं. चौथ्या दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसलो, तर त्यांनी माझा पेन धरला.

"गुर्जी, कागद काऊन बदलता? मानूस बदला. सुमनबाईच्या नावानं करा."

सुमनबाई दचकल्या. "मले कुठं येते मालकी करनं?"

"मले तरी कुठं येत होती?" मिस्त्री म्हणाले.

ती नोंदणी रद्द करून नवी केली. या खेपेला 'होय' खरं होतं. शाळेचं काम मिळालं. पाटीही लागली, तिच्यावर सुमनबाईंचं नाव आहे आणि वेळ लिहिलेली नाही.

यंदा मिस्त्रींच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. शेडमध्ये त्यांच्यासाठी गाडी तयार झाली आणि ते लगेच बसायला निघाले, तर सुमनबाई आडव्या आल्या. "आज नाई. उद्या." दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या स्वतः त्या गाडीत होत्या. सकाळचा चहा त्यातच घेतला, दुपारी भाकरी त्यातच खाल्ली, बाजारात जाऊन आल्या. कोणी विचारलं, काय झालं बाई, तर चाकं पुढे ढकलली. दिवे लागल्यावर उठल्या, उजवा पायठेवा एक इंच वर घेतला, आणि म्हणाल्या, "हं, बसा आता."

मिस्त्री बसले. दोन्ही पाय टेकवून पाहिले. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मेहुणीने सगळ्यांना चहा दिला.